तोमिएबाईंचा न दुखणारा दात

माकुळ नावाची मासळी वाळवण्याच्या शेडमध्ये कासाई तोमिएबाईंनी नेमकी किती वर्षे काढली, याविषयी एकमत नाही. बरोबरीच्या बायका एक सांगतात, बंदरावरची माणसे दुसरेच सांगतात, आणि खुद्द तोमिएबाईंना विचारले तर त्या हात हलवून 'पुष्कळ' एवढेच म्हणतात. त्यांच्या दातांविषयी मात्र त्सुगारूच्या त्या किनाऱ्यावर दुमत नाही. वाळून लाकूड झालेला माकुळ तोमिएबाई दाढेखाली धरत, मान किंचित कलती करत आणि एका हिसक्यात त्याची सरळ पट्टी उतरवत. इतर जणी तो विस्तवावर शेकून मऊ होण्याची वाट पाहत. "कासाईंच्या सुनेच्या तोंडात सुतार बसलाय," असे शेडचा मुकादम म्हणे.

त्याच शेडमधल्या बहुतेक बायकांचे दात म्हातारपणाच्या कितीतरी आधी गेले. ते आपोआप पडले, असे आता सांगितले जाते. त्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. ते काढले गेले. गावात दाताचे डॉक्टर एकच, थोरले नुमाकुरा. त्यांच्याकडे जायचे, दुखणारा दात दाखवायचा आणि रिकाम्या हिरडीवर कापूस दाबून परत यायचे. त्यांना दोष देणेही बरोबर नव्हे. दुखणे जिवावर आल्याशिवाय बायका तिथे जातच नसत आणि तोवर वाचवण्याजोगे फारसे उरलेले नसे. पण शेडमध्ये त्यातून एक नियम पक्का झाला: दात दुखतो असे तोंडातून निघाले की दात गेला. तोमिएबाईंनी हा नियम कधी बोलून दाखवला नाही. पाळला मात्र जन्मभर.

आता त्या एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. शेड बंद पडून जुनी गोष्ट झाली होती. बोटीवर इंजिन सांभाळणारे त्यांचे यजमान कात्सुझो दोन हिवाळ्यांपूर्वी गेले होते आणि मुलगी दूर नागोयाला संसारात होती. थोरल्या डॉक्टरांची खुर्ची त्यांच्या मुलीने घेतली होती. दर तीन महिन्यांनी दात तपासून, साफ करून घेण्याची सवय या धाकट्या नुमाकुरा डॉक्टरांनी गावाला लावली. कात्सुझो होते तेव्हा दोघे मिळून जात. तोमिएबाईंनी तो नेम पुढेही चालू ठेवला, आणि त्यामागे दातांची काळजी किती व दुसरे काही किती, हे त्यांनी स्वतःलाही विचारले नव्हते. हिरडीवरून हलक्या हाताने फिरणारी ती हातमोज्यातली बोटे सोडली, तर त्यांच्या चेहऱ्याला आता कोणाचाच हात लागत नव्हता.

त्या खेपेस मात्र त्या धास्तावून गेल्या होत्या. डाव्या बाजूची खालची दाढ कित्येक दिवस थंड पाण्याने कळवळत होती. माकुळ फाडायची दाढ हीच. न जावे, तर नेम मोडल्याचे लक्षात येऊन दवाखान्यातून फोन येणार. जावे, तर दाढ दिसणार. शेवटी त्यांनी दारात चपला काढल्या, दवाखान्याच्या सपाता घातल्या आणि काहीच बोलायचे नाही असे ठरवून खुर्चीवर आडव्या झाल्या.

"काकू, इथे मुळाशी तपकिरी दिसतंय. दुखतं का?" डॉक्टरांनी विचारले.

"छे, छे."

"गार काही प्यायलं तर?"

"मी गार पितच नाही."

"बरं. मी कापसाचा थंड बोळा टेकवते. लागलं की नेहमीसारखा डावा हात वर करायचा."

हा डावा हात वर करण्याचा संकेत तिथल्या दाताच्या प्रत्येक दवाखान्यात आहे. तोंड उघडे, त्यात अवजारे. रुग्ण बोलणार कसा? म्हणून हात. सोय रास्त आहे. परंतु तोमिएबाईंच्या पिढीतल्या कोणी तो हात वर केल्याचे दवाखान्यात कोणाला आठवत नाही. डॉक्टर कामात आहेत, त्यांना मध्येच थांबवायचे म्हणजे त्यांच्या हातावर शंका घेणे, असे ही पिढी मानते. तोमिएबाईंच्या बाबतीत त्यात शेडचा नियमही मिसळलेला होता.

बोळा दाढेला टेकला. डोक्यात वीज चमकली. डावा हात पोटावर होता तिथेच राहिला. बोटे मात्र अंगावरच्या टॉवेलात रुतली.

"काहीच नाही?"

तोमिएबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

डॉक्टरांनी बोळा शेजारच्या दाताला लावला. हात हलला नाही. पुढच्या दाताला लावला, मग उजवीकडच्या धडधाकट दाढेला. खोटे एकदा सुरू केल्यावर मध्येच सोडणे तोमिएबाईंना अप्रामाणिक वाटले असावे. त्यांनी एकाही दातासाठी हात वर केला नाही. डॉक्टरांनी पडद्यावरचा एक्स-रे पुन्हा नीट पाहिला. मग बटण दाबून खुर्ची उभी केली आणि तोंडावरची पट्टी खाली ओढून समोर स्टुलावर बसल्या.

"काकू, या तपासणीप्रमाणे तुमच्या तोंडात एकही जिवंत दात नाही."

तोमिएबाईंनी जिभेने दाढ चाचपली.

"सगळे मेलेत. आणि मागच्या खेपेला तुम्ही मला माकुळाच्या पट्ट्या आणून दिल्यात, त्या कोणी फाडल्या? भुतांनी?"

"तुम्हाला उगाच कशाला त्रास, डॉक्टरीणबाई."

"मला त्रास? अहो, तुम्ही गप्प बसलात की मी आंधळी होते! थंड लागत नाही म्हणजे आतली नस मेली, असं मी धरते. इतर दात तपासले नसते, तर तुमची चांगली जिवंत नस आज खरवडून काढली असती मी."

तोमिएबाईंनी टॉवेलाची घडी उलगडली, पुन्हा घातली. "आणि लागतं म्हटलं असतं तर?"

"तर काय?"

"तर दाढ काढली असती ना. तुमच्या वडिलांनी शेडमधल्या आमच्या साकुएची काढली, हात्सुची काढली. दुखतं म्हणाल्या नि घरी बोळकं घेऊन आल्या."

डॉक्टर हसतील असे तोमिएबाईंना वाटले होते. त्या हसल्या नाहीत.

"बाबांकडे लोक फार उशिरा यायचे, काकू. दुखतो म्हणजे दात अजून आहे, हाक मारतोय. पुष्कळदा वाचतो. आता परत विचारते. खरं सांगाल?"

दुसऱ्यांदा बोळा टेकला तेव्हा डावा हात वर गेला. फार नाही, शाळेत उत्तराची खात्री नसलेल्या मुलीचा जावा तितका.

"बोळा काढल्यावरही ठणकत राहिलं?"

"नाही. लगेच गेलं."

"मग नस शाबूत आहे. दाढ राहणार तुमची."

त्यानंतरचे काम तोमिएबाईंना अपेक्षेहून हलके गेले. आधी हिरडीला बधिर करणारे मलम, मग बारीक सुई, तीही इतकी सावकाश की ती कधी गेली हे कळले नाही. डॉक्टर काम थांबवून मध्येमध्ये विचारत, आणि एकदा तोमिएबाईंनी केवळ लाळ गिळण्यासाठी हात वर केला, तर सगळी यंत्रे खरोखरच थांबली. याचे त्यांना नवल वाटले.

दाढेत भरण घालून झाल्यावर डॉक्टरांनी मूळ प्रश्न काढला. "इतके जपलेले दात. मग एकाच बाजूला मुळाशी कीड का? दिवसभर तोंडात काही असतं का?"

असायचे. कात्सुझोंना काळ्या गुळाच्या गोळ्या आवडत. रोज सकाळी त्यांच्या तसबिरीपुढे ताज्या गोळ्या ठेवायच्या आणि आदल्या दिवशीच्या उतरवून आपण खायच्या, ही घरोघरची रीत. नैवेद्य टाकून कसा देणार? तोमिएबाई एकेक गोळी डाव्या गालात ठेवत. ती विरघळेपर्यंत आपण एकट्या खात नाही असे वाटे. विरघळली की दुसरी.

"नैवेद्य ठेवू नका म्हणत नाही मी," सगळे ऐकून घेऊन डॉक्टर म्हणाल्या. "पण गालात ठेवून दिवसभर चघळू नका. जेवणाबरोबर काय त्या खाऊन टाका. फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश, हिरडीच्या कडेने हलकेच. घासून झालं की नुसतं थुंका, खळखळून चुळा भरू नका. आणि तुमचं तोंड फार कोरडं पडतंय. रक्तदाबाच्या गोळीनेही पडतं. अधूनमधून पाण्याचा घोट घ्या. बोलत राहा. बोलण्याने लाळ सुटते, लाळेने दात टिकतात."

"कोणाशी?"

डॉक्टरांनी हातमोजे उतरवले. मग म्हणाल्या, "जेवणाआधी मोठ्याने पा-ता-का-रा म्हणा. अर्थ काही नाही त्याला, जीभ-ओठ हलले म्हणजे झालं."

त्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलेले सगळे तोमिएबाईंनी केले. संध्याकाळी खिडकी लावून, तसबिरीकडे पाठ करून त्या पा-ता-का-रा म्हणत. आवाज घोगरा निघे आणि खोलीत आपलाच आवाज ऐकून त्या दचकत. नैवेद्याच्या गोळ्या भाताच्या वाटीबरोबर संपत. दात घासून होत. मग पेस्टची चव असलेले, रिकामे तोंड घेऊन त्या दिवा लावून बसत. पूर्वी या वेळेला गालात गोळी असे. ती किती जागा व्यापत होती, हे त्यांना आता समजत होते.

भरण बसले का, हे पाहायला त्या परत गेल्या. खोली उबदार होती. मागच्या खेपेसारखाच टॉवेल अंगावर आला आणि बोटांनी गाल हळूच बाजूला केला.

"आता दुखतं का, काकू? थोडं तरी? असेल तर पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू. नसेल तर आता तीन महिन्यांनी."

बोळा दाढेला टेकला होता. थंडावा जाणवला, गेला. कळ नव्हती. तोमिएबाईंचा डावा हात टॉवेलाखालून निघाला. अर्ध्या वाटेत थांबला. फक्त थोडे दुखते म्हणायचे होते. डॉक्टरांनी मनापासून विश्वास ठेवला असता. आता तर ठेवलाच असता.

हात खाली आला. "नाही," त्या म्हणाल्या, "नाही दुखत." मागे हेच उत्तर खोटे असताना किती सहज निघाले होते.

"शाब्बास, काकू. याला म्हणतात जिवंत दात!"

बाहेर टेबलापाशी स्वागतिका मिझुहो पुढची वेळ काढत होती. "आजी, तीन महिन्यांनंतरची देते हं. सकाळी उघडल्या उघडल्या या. तेव्हा कोणी नसतं, लगेच मोकळ्या व्हाल."

तोमिएबाईंनी मफलर गुंडाळला. "गर्दी कधी असते?"

"शनिवारी दुपारी. फार ताटकळावं लागतं तेव्हा."

"शनिवारी दुपारची दे."