मुग्धाची बहीण तिच्याशी बोलत नाही

मित्रांनो, संध्याकाळी घरी आल्यापासून कशातच मन लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या विद्यापीठाच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेतर्फे मी आणि माझी सहकारी मुग्धा शाळांमध्ये जातो. नववी-दहावीच्या मुलांशी अभ्यासातलं लक्ष, झोप, मनावरचा ताण यांबद्दल बोलतो. आज अर्नाळ्याच्या एका शाळेत होतो.

मुग्धा घरच्यांशी मोकळं बोलण्याबद्दल सांगत होती. मधेच एका मुलीने विचारलं, "ताई, तुमच्या घरी आमच्याएवढं कोनी आहे का? ते बोलतं तुमच्याशी?"

मुग्धा म्हणाली, "तुमच्याहून थोडी मोठी, धाकटी बहीण आहे. नाही बोलत."

मलाही हे माहीत नव्हतं, आणि आम्ही रोज शेजारी बसून काम करतो.

परत येताना रिक्षात तिने सांगितलं. बहिणीने कॉलेज सोडलंय, दिवसभर खोलीचं दार लावून बसते. "आमच्या प्रयोगशाळेत कुणाशी तरी बोलायला चल म्हटलं, तर म्हणाली, मला तुझी केस बनवू नकोस. तेव्हापासून जेवायलाही माझ्यासोबत बसत नाही."

विरार स्टेशनला उतरल्यावर तिने बहिणीला फोन लावला. तिकडून कट झाला. तिने परत लावला नाही.

मुलांसमोर मी एवढी बोलते, पण मुग्धासाठी मात्र तुम्हालाच विचारतेय.

तुमच्या घरात कोणी असं दार लावून घेतलं होतं का? तेव्हा दाराबाहेर तुम्ही काय केलंत? मला मुग्धाला सांगायचंय.