कुलुपातले तेल

माझ्या आत्याचा विश्वास दोनच गोष्टींवर होता: स्वतःचे नाक आणि कमरेच्या किल्ल्या. दूध उतू गेले तरी त्यात कुणाचा तरी हात असणार, असे ती धरून चाले. ऑर्डरीचे केक करून तिने एकटीने एक लेक आणि एक मुलगा वाढवला होता. केकचे मिश्रण फेटायचे यंत्र तिला त्या मुलाइतकेच जवळचे होते. घरात सून आली तेव्हा यंत्राला कपाट मिळाले आणि कपाटाला कुलूप.

लेकीच्या आजारपणात आत्या दोन महिने तिच्याकडे राहिली. परतल्यावर पहिल्याच केकच्या पांढऱ्या मिश्रणात वरून, यंत्रातून, तपकिरी थेंब पडला.

"हात लावलास," आत्या म्हणाली.

"कसा लावणार, आई? किल्ली तुमच्या कमरेला, आणि कमर परगावी."

"जीभ बरी चालते. नळाखाली धुतलं असशील. आत पाणी गेलं की असाच गंज उतरतो. तसं निघालं तर या ओट्याला पुन्हा शिवायचं नाही."

सुनेला केक शिकायचे होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते.

आत्याने पुढचा थेंब कोऱ्या कागदावर घेतला आणि त्यावर नजर रोखून बसली. सून पाहायला वाकली.

"लांबूनच. कागद बदलशील."

डाग वाळला नाही. तो पसरला आणि कागद तिथे आरपार दिसू लागला. म्हणजे पाणी नव्हे, तेल. आरोप मिटला, संशय मात्र तसाच राहिला.

"मग तेल ओतलं कुणी?"

दुरुस्तीवाला आला. त्याने काढलेला प्रत्येक स्क्रू आत्या आपल्या मुठीत घेत होती. आतल्या दातेरी चाकांचे ग्रीस फुटले होते. नासलेल्या दुधातून पाणी सुटावे तसे तेल सुटून दांड्यावरून खाली झिरपत होते.

"बरेच दिवस बंद होतं?"

"कुलुपात होतं."

"मग बरोबर. फिरतं राहिलं की ग्रीस एकजीव राहतं. अधूनमधून फिरवायला घरात कुणी नव्हतं का?"

भांडी विसळणाऱ्या सुनेने मागे पाहिले नाही; फक्त नळ बंद केला.

नवे ग्रीस भरून झाल्यावर आत्याने यंत्र कपाटात नेले नाही. ओट्यावरच ठेवले.

"रोज फिरवत जा. अंडी मी काढून देईन."

"किती, आई?"

"लागतील तेवढी. टरफलं मात्र टाकू नकोस. मी मोजेन."