झाउनिख म्हणजे कंजूस नव्हे

शेजारी ग्रिलचं काम चाललंय, घासलेल्या लोखंडाचा वास आला आणि तिकडे हिंदी मुलखात, पिपलानीच्या कारखान्यात आलेला तो हॉलंडचा इंजिनियर आठवला. मी तिथं फिटर, शाळा चौथीपर्यंत. बाकीचे वर्षाला लोखंड घासायच्या चार कानशी झिजवायचे; माझी एकच, रोज ब्रशनं साफ करून फडक्यात गुंडाळलेली. साहेबानं ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "झाउनिख!" डच भाषेतला शब्द तो. आमच्या फोरमनला त्याचा अर्थ म्हणे ठाऊक होता. "दादा, साहब तुम्हें कंजूस बोल रहे हैं!" सगळे खदाखदा हसले. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "साहब से पूछो, मेरे सामने." फोरमननं इंग्रजीत विचारलं. साहेबानं नकारार्थी मान हलवली, मनगटावरचं वडिलांचं जुनं घड्याळ दाखवलं, बराच वेळ समजावलं. फोरमन पुटपुटला, "सोच-समझकर ख़र्च करनेवाला... और चीज़ को जान से ज़्यादा सँभालनेवाला." मी म्हटलं, "ज़ोर से बोलो, हँसे तो ज़ोर से थे." त्याला बोलावंच लागलं. आता मुलगा म्हणतो, "बाबा, चार दिवसांचं आयुष्य, सोडा हा चिक्कूपणा." मी म्हणतो, चारच उरलेत ना, मग ते तरी कसे उधळू?