परक्या घरात नाव विचारलं तर

लोम्बोक बेटावर, माताराम शहरातल्या त्या प्रशिक्षण केंद्रात मागच्या बाजूला एक खोली होती. तिला सगळ्या बायका रियाध म्हणत. रियाधात एक सोफा होता, इस्त्रीचं टेबल होतं, धूळ ओढायचं यंत्र होतं आणि पाळण्यात एका डोळ्याने कायमची झोपलेली प्लॅस्टिकची बाहुली होती. "आज रियाध झाडायची पाळी कुणाची?" असं सकाळी विचारलं, की नव्या बायका चमकत आणि जुन्या हसत.

या खोलीची मालकीण म्हणजे इनाक रेहानुन. वय शेहेचाळीस, अंगात काळा पायघोळ अबाया, तोंडावर काही नाही. काही नाही म्हणजे राग नाही की हसू नाही. लोम्बोकच्या तंबाखूच्या गावांतून तीस-तीस बायकांची तुकडी येई, दोन वर्षांसाठी अरबांच्या घरी कामाला जाई, आणि परक्या मुलखात बाईमाणसाने कसं वागायचं ते इनाक रेहानुन त्यांना शिकवी. बायकांनी तिचं नाव 'थंड भात' ठेवलं होतं. पोट भरतं, पण चव कशाची नाही.

"बेल वाजवली की दारासमोर उभं राहायचं नाही," ती सांगे. "बाजूला. आत कोण कशी बसलीय ते तुमच्या नजरेला पडायला नको. गाडीत मागे बसायचं. पुढची जागा रिकामी असली तरी ती तुमची नाही. दुकानदाराच्या हातातून काही घ्यायचं नाही, त्याला फळीवर ठेवू द्यायचं, मग उचलायचं. कॉफी पुरे असेल तर पेला हलवायचा. नुसतं पुरे म्हणाल तर भरतच राहतील. कुणाचं पोर गोड दिसलं तर आधी माशाल्लाह, मग गोड."

"आणि वडीलधाऱ्यांपुढून जाताना आपण वाकतो ना, तसं तिथे वाकू नका. पहिल्यांदा वाकलात की मदामला वाटतं, हिचं काय पडलं? दुसऱ्यांदा वाकलात की वाटतं, हिनं काय उचललं?"

सगळ्या खिदळल्या. साइना नावाची एक गलेलठ्ठ, तोंडाळ बाई होती, ती म्हणाली, "मग बू गुरू, चालायचं तरी कसं?"

"झाडूच्या दांड्यासारखं."

"माझ्या अंगाचा झाडू करायला दोन वर्षं पुरायची नाहीत हो!"

पुन्हा हशा. इनाक रेहानुन हशा संपेपर्यंत थांबली आणि पुढचा नियम सांगितला. कुणी रागावलं तर हसायचं नाही. आमच्या ससाक लोकांना हा नियम जीव घेतल्यासारखा जड जातो. कुणी खडसावलं की आम्हाला लाज वाटते आणि लाज वाटली की दात दिसतात. इथे त्याला नम्रपणा म्हणतात, तिथे माज म्हणतात.

शेवटचा नियम नावाचा. "नाव विचारलं तर स्वतःचं सांगायचं. पासपोर्टवर आहे ते. दुसरं काही नाही."

हे वेगळं सांगायला का लागतं, ते आमच्या माणसाला विचारा. आमच्यात पहिलं मूल झालं की बाईचं नाव संपतं. फुलाची आई ती इनाक फूल, आणि मग तिला नावाने हाक मारणारा एक तर मूर्ख समजावा नाहीतर सावकार. खुद्द इनाक रेहानुनचं नाव माह्युन होतं, हे तिच्या शेजारणीलाही सांगता आलं नसतं. गावात तर आता तिला नात झाली होती, म्हणून ती पापुक जुमेना, म्हणजे जुमेनाची आजी झाली होती. केंद्रात मात्र जुनं नाव चिकटलं ते चिकटलं.

वर्गात जे ती कधी सांगत नसे ते असं. चोवीस-पंचवीसची असताना, दीड वर्षाची रेहानुन आपल्या आईच्या कडेवर देऊन ती रियाधला गेली. त्या घराच्या मदामने पहिल्या दिवशी विचारलं, नाव काय? हिने गावच्या सवयीने सांगितलं, इनाक रेहानुन. 'इनाक' कुणाला कळलं नाही, 'रेहानुन' कळलं. झालं. पुढे अकरा वर्षं तिला त्याच नावाने हाका आल्या. रेहानुन, चहा. रेहानुन, न्हाणी कोरडी कर. रेहानुन, नूराचा बूट कुठाय? घर वाईट नव्हतं. कुणी मारलं नाही, कुणी उपाशी ठेवलं नाही. निघताना मदामने मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. नूरा नावाची त्यांची मुलगी हिच्या हातावर वाढली आणि हिला मिठी मारून रडली.

घरी आली तेव्हा दारात तेरा वर्षांची उंच मुलगी उभी होती. हाक मारायला म्हणून हिने तोंड उघडलं आणि डोक्यात आला तो साबणाचा फेस आणि ओली फरशी. तोंडातून निघालं, "अगं..." तेव्हापासून तिने मुलीला 'अगं'च म्हटलं. अगं जेव, अगं दार लाव. एकदा अंगणात तिच्या आईने नातीला हाक मारली, "रेहानुन, पाणी आण गं!" दोघी उठल्या. आई आधी पोचली, तांब्या घेऊन, मान खाली घालून. म्हातारी पोट धरून हसली. मुलगी हसली नाही. ती एवढंच म्हणाली, "मला हाक मारली होती."

आईला ती 'तुम्ही' म्हणायची. आजीला 'तू'. आजी वारली तेव्हा रडून रडून तिचा आवाज बसला. इनाक रेहानुनने कफनाचं कापड फाडलं, आल्यागेल्याला कॉफी दिली, आणि सातव्या दिवशी केंद्रात हजर झाली. आपल्याला रडू का येत नाही, याचं तिला नवलही वाटलं नाही, इतकी ती गोष्ट जुनी झाली होती.

आणि मग भाताची कापणी झाल्यावर जी तुकडी आली, तिच्यात दाराशी, मागच्या ओळीत, रेहानुन बसलेली होती.

वर्ग सुटल्यावर आई तिच्यापाशी गेली. "अगं, तू इथे?"

"नाव नोंदवलंय."

"मला सांगायचंस."

"तुम्ही सांगितलं होतंत का मला?"

"तू दीड वर्षाची होतीस."

"जुमेनाही दीडच वर्षाची आहे," रेहानुन म्हणाली. तिचा नवरा मलेशियात ताडाच्या मळ्यावर गेला होता आणि आठ महिने त्याचा निरोप नव्हता. "घरात बसून त्याची वाट बघू? छप्पर गळतंय. सासूबाई सकाळसंध्याकाळ त्याची गळती मोजून दाखवतात, मीच भोक पाडलंय जसं काही."

"पोर कुणाकडे ठेवशील?"

"तुमच्याकडे. परक्या पोरी सांभाळायची तुम्हाला सवय आहे."

इनाक रेहानुनने "बरं" म्हटलं आणि बाहुलीचं पांघरूण नीट केलं. टोमणा तिला कळला होता. लागला मात्र नाही, किंवा लागला असेल तर फार आत, जिथलं तिला काही ऐकू येत नव्हतं.

महिनाभर मुलगी मागच्या ओळीत बसली आणि आई पुढे उभी राहून नियम सांगत राहिली. एक गोष्ट मात्र झाली. रोज बसमधून घरी जाताना तिच्या मनात एकच वाक्य येई : ही जाऊ नये. रडू नाही, धडधड नाही, नुसतं वाक्य. आईच्या मनात असं येताना आणखीही काही यायला हवं, हे तिला ठाऊक होतं. तिने वाट पाहिली. आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी ती मदाम होऊन सोफ्यावर बसली. एकेकीने बाहेर जाऊन बेल वाजवायची, आत यायचं, चहा द्यायचा, विचारेल त्याचं उत्तर द्यायचं. साइना वाकली, हसली, आणि चहाही सांडला, तरी पास झाली. अकरावी रेहानुन आली. ती बाजूला उभी राहिली. ताठ चालली. ट्रे उजव्या हाताने पुढे केला.

"चहा गार आहे," मदाम म्हणाली. चहा वाफाळत होता. "तुम्ही खेड्यातल्या बायका! कुणी शिकवलं तुला?"

रेहानुन हसली नाही. तिच्या तोंडावर काहीच हललं नाही. तो चेहरा इनाक रेहानुन रोज सकाळी आरशात बघत होती, आणि तेवीस वर्षांच्या पोरीवर तो तिने आज पहिल्यांदा नीट पाहिला.

"नाव काय?"

"रेहानुन बिंती मुनासिह." मुनासिहची मुलगी रेहानुन, पासपोर्टवर होतं तसंच.

सगळं बरोबर होतं. इतकं बरोबर त्या तुकडीत कुणीच केलं नव्हतं. इनाक रेहानुनने कागदावर 'नापास' लिहिलं.

"काय चुकलं?" रेहानुनने विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"जाऊ नकोस."

रेहानुन आईकडे बघत राहिली. "वीस वर्षांत एवढंच मागितलंत," ती म्हणाली, "आणि तेही कागदावर लिहून." तिने ट्रे जागेवर ठेवला, बू गुरूंना हात जोडले आणि गेली.

आई बाराव्या बाईसाठी पुन्हा सोफ्यावर बसली. आपण पहिल्यांदाच अन्याय केला आहे, मुलीसाठी केला आहे, आता तरी आत काहीतरी तुटेल, असं तिला वाटलं. बाराव्या बाईने बेल वाजवली.

प्राया गावाच्या रस्त्यावर दुसरी एक जागा होती. तिथे काही शिकवत नसत, नुसती माणसं पाठवत. तीन आठवड्यांनी रेहानुन पोरीला कडेवर घेऊन आईच्या दारात आली. लांब जाणाऱ्याने आईचे पाय धुवायचे आणि ते पाणी कपाळाला लावायचं, ही आमची रीत. रेहानुनने ती केली. पाणी घमेल्यात घेतलं, एकेक बोट चोळून धुतलं. आई खाली बघत होती. पाय आपलेच आहेत हे तिला दिसत होतं, पाणी गार आहे हे मात्र दुसऱ्याने सांगावं लागलं असतं.

"सकाळी पेज, दुपारी भात," रेहानुन म्हणाली. "पालेभाजीत मिरची घालू नका तिच्या. आणि तिला नावानं हाक मारा. अगंबिगं नको."

"बरं."

"जुमेना," आजीने तिथल्या तिथे हाक मारली. पोरीने वळून पाहिलं. रेहानुन उठली, मोटरसायकलवर मागे बसली आणि गेली.

फोन आला तो पाचव्या शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर. जुमेना मांडीवर बसून भात खात होती, अर्धा तोंडात, अर्धा आजीच्या सारोंगवर, म्हणजे कमरेच्या लुंगीवर.

"मदाम कशी आहे?" आईने विचारलं.

"बरी आहे. ओरडत नाही."

"जेवायला?"

"भात मिळतो. जुमेना कशी आहे?"

"दोन दात आले. वाकलीस का कधी?"

"एकदाच. तिनं सोफ्याखाली बघितलं." रेहानुन थोडी हसल्यासारखी वाटली. आई आणि मुलगी एवढं एका दमात कधी बोलल्या नव्हत्या.

तेवढ्यात फोनमधून, लांबून, एका बाईची हाक आली, "जुमेना! ए जुमेना!" आणि अगदी जवळून रेहानुन म्हणाली, "हो, मदाम. आले."

मांडीवरच्या जुमेनाने मान वर केली.

"तुला नियम ठाऊक होता," आई म्हणाली.

"ठाऊक होता. मुद्दामच सांगितलं तिचं नाव. दिवसातून शंभरदा कानावर पडतं ना. पोर जवळ असल्यासारखं बरं वाटतं."

इनाक रेहानुनने पोरीच्या गालावरचं शीत काढलं.

"मलाही पहिलं वर्षभर बरं वाटायचं," ती म्हणाली.