सोमवारचा लाल किल्ला

ती घटना आठवली की आजही मला आधी थकवा येतो, राग नंतर. खुनाचे, दरोड्याचे तपास मी केले; पण इतकी साधी माणसं इतक्या एकजुटीनं खोटं बोलताना पुन्हा पाहिली नाहीत.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी नाशिकजवळच्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. हद्दीतलं एक गाव पंचवटीच्या बाजारात भाजी आणि फुलं घेऊन जाणारं. तिथली चाळीसेक माणसं बस करून दिल्ली-मथुरा बघायला गेली आणि परत आली ती एक बाई कमी. साठी उलटलेली विधवा, लिहिता-वाचता येत नाही, हिंदीचा गंध नाही. तिचा मुलगा टोमॅटोची तोडणी चालू म्हणून घरीच थांबला होता. लग्नाच्या फोटोतून कापलेला आईचा चेहरा घेऊन तोच मिसिंग नोंदवायला आला.

सहल काढणारा गावातलाच एक हौशी गृहस्थ होता. त्यानं जबाब दिला की, लाल किल्ल्यात गर्दी फार होती, तिथं बाई मागे राहिली. बाकीच्यांनीही तेच सांगितलं. आम्ही दिल्लीला बिनतारी संदेश पाठवला, फोटो पाठवला. तिकडच्या पोलिसांनी किल्ला, चांदणी चौक, जुनं स्टेशन, सगळं पालथं घातलं. बाईचा पत्ता नाही.

मुलगा रोज सकाळी माल उतरवून ठाण्यात यायचा आणि बाकावर बसायचा. एकदाच त्यानं विचारलं, तिकडं थंडी किती असेल? फेब्रुवारी चालू होता. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आणि पोलिसाचं डोकं बघा, जमीन आईच्या नावावर आहे कळल्यावर मी त्या मुलालाच दोन तास उलटतपासणीला बसवलं. बिचारा रडला. ती चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही.

आठवड्यानं आमच्या हवालदारानं खबर आणली. सहलीची मंडळी जबाबाला येण्याआधी देवळात जमून काय बोलायचं ते ठरवतात, म्हणे. मी सगळे जबाब पुन्हा काढून वाचले. दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास, सगळं सहलीच्या पत्रकात छापलेल्या क्रमानं. कुरकुर कुणाचीच नाही. आपला माणूस फिरून आला की आधी पाय दुखले, चहा पाणचट होता, हे सांगतो. इथं कुणाचे पायच दुखले नव्हते.

बाईच्या शेजारच्या सीटवर तिच्याच आळीतली एक बाई होती. तिला बोलावलं, महिला शिपाई जवळ बसवली. किल्ल्याचं नावच काढलं नाही. त्या दिवशी दुपारी काय खाल्लं, एवढंच विचारलं. ती सहज बोलून गेली की दोघींचा सोमवारचा उपास होता, म्हणून झाडाखाली बसून राजगिऱ्याचे लाडू आणि केळी खाल्ली.

पूर्वी एकदा आरोपी आणायला मी दिल्लीला गेलो होतो, तेव्हा एका सोमवारी त्या किल्ल्याच्या दारातून परत फिरलो होतो. मी तिला चहा घेऊ दिला. मग म्हणालो, “मावशी, सोमवारी लाल किल्ला बंद असतो.”

तिनं कप खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला. मग सगळं सांगितलं. किल्ला बंद म्हणून बस लोदी गार्डनला नेली. हिच्या सोबतिणीचे गुडघे धरले होते, ती झाडाखाली टेकली. हीच तिला म्हणाली, इथंच बस, हलू नको, मी आलेच. गाडीत मोजणी जोडीनं व्हायची, एकानं दोघांचं ‘आहे’ म्हणायचं. ही चढली, मागच्या बायकांत ती असेल असं समजून ‘आहे’ म्हणाली. मथुरेत लक्षात आलं. सहलवाला माघारी गेला तेव्हा बागेचं फाटक बंद झालं होतं. तो तसाच परतला, पोलिसांत गेलाच नाही.

मग लाल किल्ला कशाला? गर्दीत हरवली तर कुणाचाच दोष नाही, बागेत विसरली तर सगळ्यांचा. शिवाय किल्ला पाहिला म्हणून घरोघर सांगून झालं होतं. तेवढ्यासाठी त्यांनी एका जिवंत बाईला चुकीच्या जागी शोधायला लावलं. त्या दिवशी मला मनापासून चीड आली.

त्याच दुपारी नवा संदेश गेला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, बाई जिवंत आहे. बागेतल्या एका माळ्याच्या घरच्यांनी तिला ठेवून घेतलं होतं. रोज सकाळी ती त्याच झाडाखाली जाऊन बसायची, हाताला येईल ते तण उपटायची, गाडीची वाट बघायची. मुलगा जाऊन तिला घेऊन आला.

प्रकरण बंद करायला तिचा जबाब हवा होता. कुठं राहिलात, कुणी सोडलं, मी विचारत गेलो. ती शांतपणे म्हणाली, “लाल किल्लाच लिवा, साहेब.”

मी म्हणालो, “आजी, तुम्हाला टाकून आले ते. त्यांना कशाला झाकता?”

“मला त्याच आळीत ऱ्हायचंय,” ती म्हणाली.

दिल्लीच्या कागदाला आमचा कागद जुळायला हवा म्हणून मी बागेचं नाव लिहिलं. तिच्या नावानं ‘आहे’ कुणी म्हटलं, ते लिहिलं नाही. तिनं अंगठा उठवला आणि मुलाच्या मागोमाग गेली. गाडीतलं कुणीही तिला न्यायला आलं नव्हतं.

तोवर हरवलेलं माणूस घरच्यांच्या ताब्यात दिलं, पावती घेतली, की माझं काम संपायचं. त्यानंतर मी प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारू लागलो, घरी जायचं आहे ना? बहुतेक जण हो म्हणायचे. काही जण मात्र उत्तर देण्याआधी दाराकडे बघायचे, बाहेर कोण उभं आहे ते.