कांतिभाईंचा गेटपास कांतिभाईंकडेच अडकला

बडोद्यातल्या मित्रांनो, आज दुपारी मी माझ्याच कामापुढे हात टेकले, म्हणून लिहितोय.

गोरव्याच्या आमच्या कारखान्यात गेटपासच्या चिठ्ठ्या बंद करून मी एक ओपन-सोर्स सॉफ्टवेअर बसवलं. मोबाइलवर अर्ज करायचा, सुपरवायझरने मंजूर केला की वॉचमन गेट उघडणार. स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करता येणार नाही, हा नियमही मीच हौसेने घातला.

आज सुपरवायझर कांतिभाईंना हरणीच्या घरून फोन आला, बायको घरात पडली. त्यांनी अर्ज केला. तो मंजुरीसाठी त्यांच्याकडेच आला आणि मंजूर होईना.

मी घाईने नियम बदलला. पण बदल फक्त नव्या अर्जांना लागू होतो, आणि जुना निकाली निघाल्याशिवाय नवा करता येत नाही. जुना रद्द करायलाही सुपरवायझरची मंजुरी लागते. म्हणजे पुन्हा कांतिभाईच.

वॉचमनला म्हटलं, "सोडा त्यांना." तो म्हणाला, "साहेब, तुम्हीच सांगितलेलं ने, कोणाचं ऐकायचं नाही. तुमचंसुद्धा."

शेठना फोन लागून ते वॉचमनला "गेट उघड" म्हणेपर्यंत पाऊण तास कांतिभाई गेटजवळ बसून होते. मला एवढंच म्हणाले, "चालशे, बेटा."

पूर्वी कोणाच्या घरून असा फोन आला की हेच कांतिभाई म्हणायचे, "तू जा, चिठ्ठी उद्या लिहू." हे कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी सॉफ्टवेअरमध्ये घेतलंच नाही.

तुमच्याकडे आता "तू जा" कोण म्हणतं?

कांतिभाई गेले. त्यांचा अर्ज अजून माझ्या स्क्रीनवर आहे, कांतिभाईंच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत.