उपासाच्या दिवशीची गोळी

मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या घरात तेवढंही कुणा बाईचं शिक्षण नव्हतं, म्हणून आत्याबाईंच्या गोळ्या माझ्याकडे आल्या. आत्याबाई म्हणजे माझी सासू. पायाची जखम चिघळली म्हणून त्या अकरा दिवस सरकारी दवाखान्यात होत्या आणि मी त्यांच्या खाटेशेजारी चटई टाकून राहत होते. साखर तिथंच निघाली. घरी सोडताना सिस्टरनं पाकिटावर पेनानं सूर्य काढून दिला आणि बजावलं, "सकाळी एक. एकही दिवस चुकवायची न्हाई." मी मान हलवली.

मी चुकवली नाही. चतुर्थीलाही नाही.

आत्याबाई संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत काही खात नसत. चहा तेवढा घ्यायच्या, तोही आता बिनसाखरेचा. सिस्टरनं हे विचारलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलं नव्हतं. घरी आल्यावरची ती पहिलीच चतुर्थी. मी चहाबरोबर गोळी दिली. औषधानं उपास मोडत नाही, असं त्याच म्हणाल्या. दुपारी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं बरळल्यासारखं झालं. जीप केली, पण दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्या गेल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, साखर फार उतरलेली दिसते, सकाळी गोळी दिली होती का? हे पुढं उभे होते. हे म्हणजे माझे मालक. "न्हाई साहेब. उपास व्हता तिला. तोंडात काहीच घेतलं न्हाई." मी त्यांच्या मागं पदर तोंडाला लावून उभी होते. मी बोलले नाही.

दहाव्याला हसनाबादची नणंद रडत म्हणाली, "चतुर्थीला गेली माय माझी. असं मरण पुण्यवानालाच येतं." बायका माना हलवत होत्या. मीही हलवली.

दोन वर्षं तसंच चाललं. मग दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी ठरवलं, की दवाखान्याच्या बैठकीत पेशंटच्या घरची माणसंही बसवायची, कुठं काय अडतं ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं. गावच्या आशाताईनं माझं नाव देऊन टाकलं.

"मला न्हाई जमत, ताई. काय बोलू मी तिथं?"

"अकरा दिवस राह्यलती तू. नळाला पाणी कवा येतं ते तरी सांगशील का न्हाई?"

बैठकीत एक पुढारी बराच वेळ बोलत होते. त्यांना दवाखान्याच्या दारात कमान हवी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कमानीनं ताप उतरतो का, भाऊ?" सगळे हसले. मग त्यांनी विचारलं, घरी सोडताना आम्ही जे सांगतो त्यात काय कमी पडतं? कुणी बोलेना. समोर तीच सिस्टर बसली होती. आशाताईनं मला कोपर मारलं. "बोल की. तोंडात लाडू धरलाय का?"

मी आधी नळाचंच सांगितलं. तिथंच थांबले असते तर चाललं असतं. पण सिस्टर ते वहीत लिहून घेत होती, तिच्या हातातल्या पेनाकडे माझं लक्ष गेलं आणि मी म्हणाले, "घरी सोडताना उपास विचारत जा." मग टेबलाकडे बघत सगळं सांगितलं. गोळी मी दिली, आणि डॉक्टरनं विचारलं तेव्हा गप्प राहिले, हेही.

"पायाची जखम झालेल्या आजी का? खिडकीजवळच्या?" सिस्टरनं विचारलं. मी होय म्हणाले. तिनं पेन खाली ठेवलं. "चुकवायची न्हाई असं मीच सांगितलं होतं," ती म्हणाली.

आता तिथं घरी सोडताना विचारतात, कोणते वार धरता, चतुर्थी असते का, रोजे ठेवता का. कागद घ्यायला आलेल्या पुरुषाला नाही, घरात गोळी देणाऱ्या बाईला बोलावून विचारतात. बैठकीला मी अजून जाते.

पण त्या पहिल्या बैठकीच्या दिवशी मला घरी जायचं होतं. पाचसहा गावांची माणसं बैठकीत होती. बाहेरून कळण्याआधी मीच सांगायला हवं होतं. हे अंगणात वैरण तोडत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

कोयता थांबला. "डॉक्टरला मी न्हाई म्हणलो, तवा तू मागंच व्हती ना?"

"व्हते."

ते उठून उभे राहिले. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "भूक लागली म्हणली व्हती का ती?"

"म्हणल्या व्हत्या. मी म्हणलं, थोडं थांबा."

एवढं मात्र मी बैठकीत सांगितलं नव्हतं.